नाकबूल, साहेब!

नाही पण मला एक सांगा, दारू मोजायच्या मशीनवर आकडा आलाय बासष्ट, चालतो तीसपर्यंत, हवालदार नाकाला रुमाल लावून शेजारी उभा... आणि तरी आमचा काशीनाथ कोर्टात म्हणतो काय, तर गुन्हा नाकबूल! अरे बाबा, कबूल म्हटला असतास तर दहा मिनिटांत घरी आला असतास!

तुम्हाला सांगतो, माणूस वाईट नाही हो. राई गावातला जुना शेतकरी, बापजाद्यांची मिठागरं होती. भाच्याने बोट नवीन रंगवून पाण्यात सोडली, भरदुपारी पूजा, आधी नारळ फुटला, मग बाटली. आता मामानेच नाही म्हटलं तर बोटीला काय वाटेल? म्हणून घेतले दोन घोट... बोटीसाठी! आणि तसाच स्कूटरवर बसून निघाला मीरा रोडला, लेकीच्या लग्नाच्या सुपारीचे पेढे चाखून बघायला. नाक्यावर पोलीस. "काका, फुंका." यानं नळी तोंडात धरली आणि सर्रकन आत ओढली! "अहो काका, फुंका, ओढू नका!" फुंकलं. बासष्ट! पेढे राहिले बाजूला.

तुम्ही म्हणाल, भर दंड, मिटव विषय. मिटवला असता हो! पण हेमांगीचं, म्हणजे याच्या लेकीचं, ठरत होतं शांती नगरच्या अथर्वशी. माणसं मुंबईतून इकडे आलेली, नोकरीवाली, घरात चपलासुद्धा ओळीत. आणि मुलाची आई, संपदाताई, बोलणी झाली त्या दिवशी काय म्हणाली? "हुंडा नको, मानपान नको. पण ज्या घरात दारू, त्या घराशी सोयरीक नको. आमच्या ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही." आणि ते 'हे', योगेंद्रराव, कोकम सरबत घेत म्हणतात, "मला तर खोकल्याच्या औषधानंसुद्धा गरगरतं." मग काशीनाथ मागे राहतोय होय? "मी तं सोडापन घेत न्हाय, ढेकर येतो!" हेमांगी बिचारी छताकडे बघत बसली.

तर कोर्टाची तारीख आली. रुक्मिणीवहिनींनी, म्हणजे याच्या बायकोने, घरातून निघतानाच दम भरला, "जा, कबूल कर, दंड भर, न् गुपचूप ये. पोरीचं लगीन मोडलं तं याद राख!" वकील अभिनव, कालचं पोरगं, तोही म्हणाला, "काका, एकच शब्द. कबूल." काशीनाथ रिक्षात घोकत गेला... कबूल, कबूल, कबूल. शेअर रिक्षातल्या बाईला वाटलं, याचा निकाहच आहे!

पुकारा झाला. उभा राहिला. जजसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल?" यानं तोंड उघडलं, "क..." आणि समोर बाकावर कोण? योगेंद्रराव! इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. काशीनाथला वाटलं, हे सरळमार्गी गृहस्थ, आले असतील कसल्या तरी प्रतिज्ञापत्राला! आता सोयरीक गेली, लेक गेली, रुक्मिणी जिवंत सोडत नाही... आणि तो 'क' घशातच फिरला हो! "नाकबूल, साहेब! मशीन खराब हाय!"

आणि पुढचा पुकारा? "योगेंद्र! दारू पिऊन गाडी!" गृहस्थ उठले, मागे वळले, काशीनाथला बघितलं, घाम पुसला. "नाकबूल. खोकल्याचं औषध होतं." अरे देवा! दोघांनी कबूल म्हटलं असतं तर वीस मिनिटांत दोघं घरी!

बाहेर व्हरांड्यात आले. हा म्हणतो, "मशीन खराब हाय." ते म्हणतात, "फारच खराब." बस! तेवढ्यावर दोघांनी चहा घेतला. मग सुरू झाल्या तारखा. आज साक्षीदार नाही, उद्या फाईल नाही. दर तारखेला हा नाकबूल, ते नाकबूल. बाकीचे लोक येतात, कबूल म्हणतात, जातात. हे दोघे बाकावर, डबा उघडून बसलेत, आज बोंबील, उद्या थालीपीठ.

शेवटी सुपारी फोडायचा दिवस उजाडला. मांडवात दोन्हीकडची माणसं. गावचे जुने धर्माजी पाटावरून विचारतात, "काय काशीनाथ, सोयरीक कबूल?" आणि हा पठ्ठ्या ताडकन उभा! हात जोडले! "नाकबूल, साहेब! मशीन खराब हाय!"

हेमांगी रडकुंडीला. रुक्मिणीवहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं... ते कशासाठी, ते काशीनाथला कळलं. तेवढ्यात योगेंद्रराव उठले. पोरांचं मोडतंय हे बघून गृहस्थाला राहवलं नाही हो! "त्यांना एकट्याला धरू नका. मशीन माझंही... म्हणजे मीही प्यायलो होतो."

सगळे संपदाताईंकडे बघतायत. ती बाई शांत! म्हणाली, "ठाऊक आहे. कोर्टाचं समन्स घरी आलं, तेव्हा सही मीच केली. हे कबूल कधी करतात, तेवढंच बघत होते." मग काशीनाथकडे वळली, "तुम्ही मात्र सोडासुद्धा घेत नाही, नाही का?" आणि हसली. हसली हो! सुपारी फुटली, पेढे वाटले. चाखलेले नव्हते, जरा गोडच निघाले.

लग्न झालं, पोरं सुखात आहेत. आणि केस? चालूच! परवा मी विचारलं, "अरे काशीनाथ, आता कोणापासून लपवायचंय? म्हण की कबूल, दहा मिनिटांत सुटशील!" तर डब्याचं झाकण लावत म्हणतो कसा, "सुटून जाऊ कुठं? दोघांचीपन दारू बंद, गाडी बंद. बायकांना सोडून निवांत बसायला तेवढी तारीखच तं राहिली हाय!"