हमरस्त्यावरचं ते तोंड

हॅलो?… हॅलो?… कोण, जिनीव्हाताई? अगं मोठ्याने बोल, तुझ्या लेक्सिंग्टनसारखी या डोंगरात धड रेंज कुठे असते!… हां, आता येतंय. बोल… मी बरी आहे. नाही नाही, मोकळीच आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातून दोनलाच सुटले. टॉवेलांच्या घड्या घालतेय… बोल ना.

कुठला बोर्ड?… अच्छा, तो! तुझ्या त्या दात वाचवा म्हणणाऱ्या संस्थेचा, पंपासमोरचा!… बघितला की. न बघून सांगते कुणाला? दोन मजली घराएवढं ते किडक्या दातांचं तोंड आ वासून उभंय रस्त्यावर. आणि खाली ही मोठाली अक्षरं, 'तुम्ही कोल्ड्रिंक पिता, कोल्ड्रिंक तुम्हाला खातं.'… हो, हो, पाठ झालंय. रोज त्याच्याखालून जाते मी.

फरक?… फरक काय पडला म्हणून विचारतेस?… अगं, हसू नको तर काय करू! बरं, ऐक. पंपावर डेल्बर्ट असतो ना, आपल्या शेजारच्या ॲडाचा नवरा… हां, तोच. तो म्हणतो, लोक उन्हात पेट्रोल भरत उभे राहतात, वर ते तोंड बघतात, 'शी!' म्हणतात, आणि आत जाऊन एक गार बाटली घेऊन येतात. तोंडाला चव यावी म्हणून!… खोटं कशाला सांगू? आणि ती शिकारीला जाणारी टोळी आहे ना, ती दर शनिवारी बंदुकीने दोन-तीन दात टिपते. पैज लावून. वरची ओळ संपली, आता खालची चालू आहे…

भीती?… ताई, भीतीचं कौतुक आम्हाला नको सांगू. इथल्या बाप्यांचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. छाती फुटेस्तोवर खोकतात, आणि खोकला थांबला की सिगरेट पेटवतात. त्यांना तुझं चित्र भिववणार होय?

पाणी?… नळाचं पाणी प्या म्हणतेस? ये, पाजते तुला. सकाळी तांबडं, दुपारी पिवळं. हा हातातला टॉवेल घेतला तेव्हा पांढरा होता… फिल्टर? बसवला की. आठ दिवसांत बुजला. बाटलीतलं पाणी हवं तर तासभर गाडी हाका, आणि कोल्ड्रिंक म्हणशील तर कोपऱ्यावर. त्याचा लावा ना बोर्ड… नाही, आता तू ऐक ना!

सर्वेक्षण?… काय निघालं त्यात?… निम्मे लोक म्हणाले आम्ही कमी केलं? अगंबाई! त्या निम्म्यांत मी पण आहे. तुमची ती कोट घातलेली पोरगी आली होती दारात, कागद घेऊन. मी म्हटलं, हो बाई, सोडल्यातच जमा आहे. उजव्या हाताने सही केली, डाव्या हातातला कोल्ड्रिंकचा डबा पाठीमागे धरला होता… मग काय सांगायचं होतं? एवढी गोड पोरगी ती, तिचं मन कशाला मोडू! तुझ्या बोर्डाने एक मात्र शिकवलं आम्हाला, ताई. लपवायला.

…टॅन्सी? आहे की लेक माझी घरातच… आत आहे… नाही, शाळेत नाही गेली. बरं नव्हतं… काही नाही गं, असंच… थांब जरा. दार लोटून घेते.

हां. ऐक. तुला सांगणार नव्हते मी.

तुझा बोर्ड लागला, आणि तिसऱ्याच दिवशी शाळेच्या बसमध्ये कुठलंसं कार्टं ओरडलं, 'बोर्ड आला रे, बोर्ड!' तिचा पुढचा एक दात काळा होता ना… तेवढ्यावरून. अख्खी बस हसली. त्या दिवसापासून पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच. रविवारी चर्चमध्ये गायची, तेही बंद… विचारलं ना! विचारल्याशिवाय राहीन का? घसा बसलाय म्हणाली. आणि इकडे मागची दाढ सडत चालली होती. पाच आठवडे, ताई! पाच आठवडे ठणका सोसला आणि आईला बोलली नाही. बोलली असती तर तोंड उघडून दाखवावं लागलं असतं.

…गेल्या बुधवारी उठली तर गाल टरारून सुजलेला, एक डोळा मिटलेला, अंगात फणफणून ताप. तशीच गाडीत घातली… हो, हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर म्हणाला, आणखी दोन दिवस गेले असते तर पोरगी हाती लागली नसती… तीन दाढा काढल्या. आणि पुढचा तो. सोळा वर्षांची आहे गं ती!… आता उतरलाय ताप. कुस्करलेला बटाटा खाते.

तर हा घे तुझा परिणाम. लिही तुझ्या कागदावर. बोर्ड बघून एक पोरगी घाबरली. कोल्ड्रिंकला नाही, तोंड उघडायला.

…काय पुटपुटतेस?… मोठ्याने बोल.

…काय?… फोटोचं काय?… असे फोटो विकतच आणता ना तुम्ही? कुणातरी परक्याचे… परत बोल. नीट बोल.

तुझं?

ते तोंड तुझं आहे?

…कधीचा फोटो?… दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात. सगळे दात काढायच्या आदल्या दिवशी… तेवीसची होतीस तू. मी चौदाची… अगं, पण मला कसं ओळखू आलं नाही? माझी सख्खी बहीण तू!… हो. खरंय. तोंडावर हात धरूनच बोलायचीस तू. आत मी कधी बघितलंच नाही. आणि मग एकदम मोत्यासारखे दात घेऊन घरी आलीस. मला वाटलं, हिला शहराचं पाणी मानवलं. कवळी आहे हे आईने कितीतरी वर्षांनी सांगितलं.

ऑफिसात माहीत आहे कुणाला?… कुणालाच नाही. 'जुन्या फायलीतला फोटो' म्हणून दिलास… ताई, रडू नको… रडू नको म्हणते ना, आधी मला रागावू दे! म्हणजे आपल्या घरचं तोंड चव्हाट्यावर टांगलंस आणि नाव तेवढं झाकून ठेवलंस. शरम तुझी एकटीची होती, ती गावभर वाटलीस… असेल. हेतू चांगला असेल. तुझा चांगला हेतू आणि तिचे चार दात.

…नाही, माझी माफी नको मागू. माझे दात शाबूत आहेत… ये ना, शनिवारी ये, नको कोण म्हणतंय? पण तोवर थांबायचं नाही. आत्ता सांग. तिला सांग… काय सांगू म्हणजे? मला सांगितलंस तेच. रात्री कवळी कुठल्या ग्लासात ठेवतेस तेसुद्धा… नाही, मी नाही सांगणार. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला.

टॅन्सी! ए टॅन्सी! इकडे ये बाळा… मावशी आहे. लेक्सिंग्टनहून… नाही, माझं झालंय बोलून, तिला तुझ्याशीच बोलायचंय. घे.

अगं, हात काढ तोंडावरचा. फोनवर कोण दात बघतंय?… हां. बोल आता. मी बाहेर पायरीवर बसते.