दुधाच्या पिशवीची झाकणं

हसा लेको, पण त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. आमच्या परळच्या लॅबमध्ये लघवीत प्लास्टिकमधली रसायनं किती उतरलीत ते मोजतात, माहितीये ना? तर अधूनमधून एकाच लघवीच्या बाटल्या बऱ्याच लॅबना येतात आणि सगळ्यांचं उत्तर जुळावं लागतं. नाही जुळलं, तर आमच्या जुन्या रिपोर्टांवरही कोण विश्वास ठेवणार?

आमचा आकडा आला भलताच मोठा. शंका आली म्हणून नुसतं शुद्ध पाणी मशीनला घातलं, तर पाण्यातही तेच रसायन! म्हणजे घोळ आमच्याच घरात. आणि उत्तर पाठवायला उरलेला एक दिवस.

शेवटी बाटल्या धुणाऱ्या तावडे मावशींच्या मागे जाऊन उभा राहिलो. ओव्हनमधून काढलेल्या काचेच्या बाटल्यांच्या तोंडाला त्या दुधाच्या पिशव्यांचे तुकडे रबराने बांधत होत्या.

"मावशी, हे काय?"

"फॉइल संपली ना. शेजारची चाळ पाडतायत, धूळ बघितलीस? लोणच्याच्या बरणीला मी असंच बांधते. धुतलेल्या आहेत रे पिशव्या!"

धावत जाऊन फॉइल आणली, बाटल्या पुन्हा भाजल्या. पाणी कोरं आलं, लघवीचा आकडाही खाली उतरला. महिन्याने निकाल आला, सगळ्यांशी जुळला.

मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे तो माणूस बरा आहे ना रे?"

"कुठला माणूस?"

"लघवीवाला! तू आकडा बघून डोक्याला हात लावलास, तेव्हापासून रोज दिवा लावतेय त्याच्यासाठी."