घर भरू दे

संस्थेच्या दारात जुन्या अंथरुणांसाठी रांग होती. माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“लेक कधी येतेय वसतिगृहातून?”

“उद्या. घरी कुणी मोठं माणूस असेल तरच सोडतात. माझी तर संध्याकाळची पाळी.”

“मग देवाला साकडं घातलंस?”

“रोज. म्हटलं, देवा, माझं घर भरू दे.”

“आणि?”

“सासू आली ट्रंक घेऊन!”

“अगं बाई! नवरा पळून गेला आणि सासू पळून आली?”

“म्हणते, नालायक मुलगा निघाला, नात कशाला सोडू?”

“देवाला नीट सांगायचंस तरी!”

“सांगितलं. म्हणाला, दिलेला माल परत घेत नाही.”

सासू आलेल्या त्या बाईचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी तिला विचारलं, “उशी कुणासाठी?”

“माझ्या आईसाठी. ट्रंक घेऊन आलीय. जरा जाड द्या, घोरते फार.”