फ्रायरवर संतोष

मी देवगडकडचा, खाडीला लागून आमचं घर, आवस माझी, म्हणजे आई, टोपली घेऊन मासे विकायची, म्हणजे मासा मला कोणी शिकवायला नको, डोळा बघून सांगेन कालचा की आजचा. तर असा मी, आणि कुवेतला येऊन काय केलं, तर अकरा वर्षं बटाटे सोलले. हसू नका. तिथे जहरा गावात आमचं दुकान, इंग्लिश पद्धतीचं, फिश आणि चिप्स, भिंतीवर जहाजाचं चित्र, टेबलावर व्हिनेगरच्या बाटल्या, आणि मासा येतो तो खोक्यातून, बर्फ झालेला, ना डोकं ना शेपूट, आता त्याचा डोळा बघू कुठे?

तिथे मानाची जागा फ्रायरची. समोर काच, मासा पिठात बुडवून तेलात सोडणारा माणूस सगळ्या गिऱ्हाइकांना दिसतो. बटाटेवाला मागे, मोरीजवळ. मी बोललो, आज ना उद्या ती जागा माझीच. मग माझा मावसभाऊ संतोष, त्याला मीच आणला हो, मुदीरला, म्हणजे आमच्या मिसरी, इजिप्तच्या, मॅनेजरला, मीच बोललो की माणूस चांगला आहे, ठेवून घ्या. आणि काय सांगू तुम्हाला, आठ महिन्यांत फ्रायरवर संतोष!

माझा नुसता जळफळाट व्हायचा. एक गोरा म्हातारा साहेब दर रविवारी दुपारी जेवायला येतो, तो काचेवर टकटक करून संतोषला अंगठा दाखवायचा आणि हा मेला लाजायचा. ते लाजणं तर मला बघवायचं नाही. घरी फोन केला तर आवससुद्धा विचारणार, संतोष काय म्हणतो, तोच तळतो ना रे आता? मी बोलायचो, मी पण आहे इथे, जिवंत आहे.

मग एका रविवारी संतोषचं इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, काम निघालं, बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं, तो सकाळी मासे कापून ठेवून गेला. मुदीर बोलला, आज तू उभा राहा. मी धुतलेला एप्रन घातला, केस विंचरले, खोटं कशाला सांगू, मनात आलं की आज असं तळतो की संतोषचं नाव विसरतील सगळे. दुपारची गर्दी, ऑर्डरीवर ऑर्डरी, आणि माझा हात, जन्मभर मासा हातात आला की जे करतो तेच करत गेला. आमच्या जेवणाचा हळदीचा डबा खालच्या फळीवर असतो. मीठ, हळद, चोळलं, ठेवलं, मग पीठ. मला कळलंच नाही हो! साहेबाने काट्याने मासा फोडला तर आत पिवळाधमक. चिडला नाही तो. अदबीने विचारलं, आज संतोष नाही का? त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मुदीर तणतणत आला, ही हळद कोणी लावली, त्याला आजच खलास करतो, घरी पाठवतो. तेवढ्यात मागच्या दाराने संतोष आत येत होता, त्याने ऐकलं आणि बोलला, मीच सकाळी हळद लावून ठेवली, सवयीने लागली, दादाला काय माहीत. आणि मुदीर? एकदम थंड. माफी मुश्किल, म्हणजे काही हरकत नाही, बोलला, होतं कधी कधी, पुन्हा करू नको. बघा! माझं नाव निघालं असतं तर माझं सामान बांधून ठेवलं असतं.

मोरीजवळ मी त्याला विचारलं, कशाला खोटं बोललास? तर बोलला, तू आणलंस मला दादा, तुला कसा जाऊ देईन? मला बरं वाटायला हवं होतं ना? मला रागच आला. आधी मनात चार शिव्या तरी घालता यायच्या, आता त्याही बंद.

अजून तोच आहे फ्रायरवर आणि मी बटाट्यांवर. दुपारची गर्दी ओसरली की तो एक तुकडा वेगळा काढतो, हळद-मीठ लावून, आणि माझ्या बटाटे चिरायच्या पाटावर आणून ठेवतो. छान तळतो मेला, माझ्याहून छान. देव त्याचं भलं करो, हे मी मनापासून बोलतो. फक्त खाताना काचेकडे पाठ करून बसतो.