धावपट्टीवरची रेघ

१९७९ सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दापोडीच्या बसथांब्यावर सुमनताईंच्या पुढं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या सदऱ्यावर पांढऱ्या रंगाचे डाग होते.

"जाई, आज परदेशी पाहुण्यांचं इमान उतरलं. आमी रंगवलेल्या रेघेवर, अगदी मधोमध."

"रेघ सरळ आली व्हती?"

"वाढवलेल्या धावपट्टीवर तीन दिवस दोरी धरून वाकलो. तरी आज सकाळी परत दोरी लावून बघितली."

"मंग?"

"उतरल्यावर वैमानिकानं रेघेकडं बघितलं आन् मला हात केला."

"तुमालाच कशावरून?"

"ब्रश माझ्याच हातात व्हता."

"मंग आधी भोसरीला, माझ्या आईकडं. ती म्हनती, जावयाला भिंतसुद्धा धड रंगवता येत न्हाई."

"आता काय म्हनंल?"

"तेच बघाया जायचं."

दोघं भोसरीच्या रांगेत गेली. सुमनताईंची बस आली. त्यांनी ती जाऊ दिली आणि जोडप्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.