मोबाइलवरची कोथिंबीर

अगं, आमच्या सासूबाईंनी मोबाइल कंपनीशीसुद्धा घासाघीस केली होती! घरात नवा मोबाइल आला आणि पहिलं बिल बघून सगळ्यांना घाम फुटला. भाजी विकणाऱ्या सासूबाई मला घेऊन द्वारका चौकातल्या कंपनीच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "आम्ही भाजीवर कोथिंबीर फुकट घालतो. तू बिलावर काय घालते?"

"आजी, इथं तसं नसतं."

"मग बंद कर. शेजारच्या कंपनीत जाते."

मुलगी आत साहेबांना विचारून आली. "एका नंबरवर बोलणं फुकट. कुणाचा लिहू?"

मला वाटलं, भाजीचा माल देणाऱ्या अडत्याचा सांगतील.

"हिच्या आईचा, निफाडचा. बाकीचे रोज मंडईत भेटतात."

आता मंडईत सासूबाईंच्या गाळ्यावर मी बसते. कोथिंबीर कितीही महाग होवो, गिऱ्हाइकाला फुकटच घालते.