बाबांच्या नावाचा भुंगा

आमच्या ताईने एका भुंग्याला बाबांचं नाव दिलं होतं, हे तुम्हाला सांगितलंय का मी कधी?

ताई कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या उसात तिला एक तपकिरी भुंगा सापडला. कुठल्याच पुस्तकात तो नाही म्हटल्यावर तिने रीतसर शोधनिबंध छापला आणि त्याच्या शास्त्रीय नावात आमच्या बाबांना, म्हणजे दत्तात्रयरावांना, बसवलं. 'दत्तात्रयी'! बाबांनी अख्ख्या बिबवेवाडीत पेढे वाटले.

वर्षभराने परदेशातल्या एका संग्रहालयातून ताईला ईमेल आली. तोच भुंगा शंभर वर्षांपूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने नोंदलेला निघाला. आणि शास्त्रज्ञांचा नियम असा, की आधी छापलेलं नाव खरं. म्हणजे बाबांचं रद्द.

ताईने मला खराडीला ऑफिसात फोन केला. "तू सांग ना रे त्यांना."

"भुंगा तुझा, तूच सांग."

शेवटी रविवारी आम्ही दोघंही बाबांसमोर माना खाली घालून बसलो. ताईने एका दमात सगळं सांगितलं आणि रडायलाच लागली. बाबांनी शांतपणे चष्मा पुसला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"हा साहेब इथे कधी होता म्हणालीस?"

"इंग्रजांच्या काळात, बाबा."

"मग रडतेस काय? देश स्वतंत्र झाल्याचं भुंग्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही."